पाणी कुणाचं, होडी कुणाची, मासा कुणाचा?

वाशिष्ठी चिपळूणला नदी असते आणि दाभोळला पोचता पोचता खाडी होते. मधल्या पट्ट्यात दोन होड्या मासे धरताहेत असं समजा. एक वल्ह्यांवर चालणारी, दुसरी तेवढ्याच लांबीची, पण मागे इंजिन बसवलेली. दोन्हींत दोन-दोन माणसं, जाळी सारखी, मासेही त्याच पाण्यातले. तरी कायद्याच्या लेखी या दोन होड्यांची जात वेगळी आहे. त्यातली वल्ह्यांची होडी ट्रकवर टाकून उजनीच्या जलाशयात नेली, तर तिथे तिच्या मालकाकडे आणखी तिसराच कागद मागितला जाईल. होडीत काडीचाही बदल झालेला नसेल.

‘नदी काय कुणाच्या बापाची आहे?’ हा काठावरचा नेहमीचा सवाल. कायद्याने त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. मात्र ते एका ठिकाणी सापडत नाही. तीन-चार कायद्यांत आणि तेवढ्याच सरकारी खात्यांत ते विखुरलेलं आहे.

एक होडी, तीन प्रश्न

रिक्षाचं उदाहरण घेतलं की हा गुंता लवकर सुटतो. आरसी बुक गाडी कुणाची ते सांगतं, लायसन्स ती कोण चालवू शकतो ते सांगतं आणि परमिट त्या शहरात भाडं मारायची मुभा देतं. आरसी बुक खिशात आहे म्हणून परमिट मिळाल्यासारखं होत नाही. मासेमारीच्या होडीचंही तसंच. होडी पाण्यावर चालवण्यालायक आहे का, हा एक प्रश्न. या पाण्यातले मासे धरायचा हक्क तुम्हाला आहे का, हा दुसरा. आणि हक्क असला तरी कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यात, हा तिसरा. प्रत्येक प्रश्नाचा कायदा निराळा, कार्यालय निराळं. एक कागद हाती आला की सगळी परवानगी मिळाली, असं समजणाऱ्यांचीच जास्त पंचाईत होते.

ही वाटणी मुळात राज्यघटनेतच आहे. सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, २१व्या नोंदीत. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राकडे. नद्या-कालव्यांवरच्या यांत्रिक नौकांचा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडेही. आणि संसदेने एखाद्या नदीला राष्ट्रीय जलमार्ग ठरवलं, की त्या पाण्यावरच्या यांत्रिक नौका केंद्राच्या अखत्यारीत. साध्या वल्ह्यांच्या होडीची रहदारी प्रामुख्याने राज्याकडेच राहते. घटनेने नौकांमध्ये जी रेघ मारली आहे, ती लांबी-रुंदीवरून मारलेली नाही. ती इंजिनावरून मारली आहे. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

मासे धरण्याचा हक्क ही मालमत्ता आहे

आधी पाण्याबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या २०व्या कलमानुसार नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि साचलेलं-वाहतं पाणी, जे कुणा खासगी मालकाचं नाही ते, राज्य सरकारच्या मालकीचं. म्हणजे नदी कुणाच्या बापाची नसली तरी बेवारसही नाही.

आता मासा. वाहत्या पाण्यातला मासा जाळ्यात येईपर्यंत कुणाचाच नसतो. आज इथे, उद्या पुढच्या गावाच्या डोहात. मग पाण्याचा मालक विकतो तरी काय? या प्रश्नाचं झणझणीत उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली दिलं. खटला ‘आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य’ या नावाने ओळखला जातो. चिल्का सरोवराच्या काही भागांत मासे धरण्याचा हक्क काही लोकांनी पारिकुडच्या राजाकडून पैसे मोजून, पण तोंडी व्यवहाराने घेतला होता. पुढे जमीनदारी संपवणाऱ्या कायद्याने राजाची इस्टेट सरकारजमा झाली आणि सरकारने हा व्यवहार मानायला नकार दिला. अर्जदारांचं म्हणणं असं, की आम्ही मासे विकत घेतले आहेत, म्हणजे पुढे हाती येणारा माल. जमीनजुमल्याशी आमचा संबंध नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. दुसऱ्याच्या पाण्यात शिरून तिथले मासे काढून नेण्याचा हक्क हा जमिनीतून निघणारा लाभ आहे, म्हणून तो स्थावर मालमत्तेत मोडतो, असं न्यायालयाने ठरवलं. स्थावराचा एवढ्या किमतीचा व्यवहार लेखी आणि नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. दस्त नव्हता, म्हणून हक्कही मिळाला नव्हता. पैसे मात्र गेले होते.

या निकालाचा धडा छोट्या मच्छीमाराने गाठीला बांधावा असा आहे. ‘अमुकने हो म्हटलंय’, ‘आमचे वाडवडील इथेच जाळं टाकायचे’ हे भांडणात बोलायला ठीक आहे. कार्यालयात लिहिलेलं लागतं.

महाराष्ट्रात धरणांच्या जलाशयांबाबत ही गोष्ट सगळ्यांत ठळक दिसते. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग साधारणपणे पाच वर्षांच्या ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला देतो. संस्था त्याबदल्यात पैसे भरते, पाण्यात मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडते आणि तिचे सभासद मासे धरतात. इथे मासा निव्वळ निसर्गाने दिलेला राहत नाही. कुणीतरी पैसे खर्चून तो सोडलेला असतो. त्यामुळे बाहेरच्या माणसाची होडी कितीही धडधाकट असो, संस्थेचा सभासद नसेल तर त्याचं जाळं तिथे पडू शकत नाही. भोई, ढीवर, कहार अशा पिढीजात मासेमारी करणाऱ्या समाजांना या पद्धतीने आधार दिला, हे खरं. मात्र नाव संस्थेचं आणि पैसा व्यापाऱ्याचा, असा ठेका असेल तर सभासद आपल्याच तलावावर मजूर होतो. कायदा कागद पाहतो. कागदामागचा पैसा त्याला सहसा दिसत नाही.

मोकळ्या वाहत्या नदीत ठेका नसेल तिथे प्रश्न एवढाच उरतो की त्या पट्ट्याला परवाना लागतो का. जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात हे कळतं, आणि होडी घेण्याआधी विचारलेलं बरं.

इंजिन बसलं की काय बदलतं

वल्ह्यांच्या होडीला इंजिन जोडलं की तिचं वजन वाढतं आणि तेही एकाच टोकाला. मागची बाजू पाण्यात दबते. होडीचा जो काठ पाण्याच्या वर राहतो, तीच तिची खरी सुरक्षितता. लाट आत येते ती या काठावरून. वेगही वाढतो, त्यामुळे दुसऱ्या होडीवर आदळली तर नुकसान जास्त. फिरता पंखा पाण्यातल्या माणसाला कापू शकतो. शिवाय इंधन म्हणजे आगीची भीती. यातलं काहीही वल्ह्यांबरोबर येत नाही. इंजिनाची रेघ कायद्याने उगाच मारलेली नाही.

या यांत्रिक नौकांसाठी पूर्वी १९१७चा इंग्रजी अमदानीतला कायदा होता. त्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ या कायद्याने घेतली आणि तो ७ जून २०२२पासून अमलात आला. त्यानुसार नदी-तलावांत चालणाऱ्या यांत्रिक नौकेची आधी पाहणी होते. पाहणी करणारा अधिकारी होडीचा सांगाडा, इंजिन, ती किती भार पेलते आणि जीव वाचवण्याची साधनं हे सगळं तपासून दाखला देतो. मग नोंदणी होते आणि नोंदणीचा क्रमांक होडीवर ठळक दिसावा लागतो. नौका चालवणाऱ्याची पात्रता आणि विमा हेही त्यात आलं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नावात ‘सागरी’ असलं तरी नद्या आणि जलाशयांतल्या नौकांसाठीही तिथेच जावं लागतं. गावाकडचा माणूस इथेच पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो.

जुन्या कायद्यापेक्षा या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. एका राज्यात मिळालेला दाखला दुसऱ्या राज्यातही चालतो. कृष्णा, भीमा, गोदावरी या नद्या राज्याची सीमा ओलांडून जातात. होडीवाल्याला प्रत्येक राज्यात नव्याने हेलपाटे घालायला लावणं हा शुद्ध छळ होता.

बिनइंजिनाच्या होडीला कायद्याने अगदीच मोकळं सोडलेलं नाही. अशा होड्यांपैकी कोणत्या प्रकारच्या होड्यांनी नाव नोंदवायचं, हे आकार, वापर वगैरे पाहून राज्याने ठरवायचं आहे. आणि ती नोंद जिल्हा, तालुका किंवा पंचायतीच्या पातळीवर करण्याची सोय कायद्यात आहे. हे शहाणपणाचं आहे. फळ्या आणि डांबराच्या होडीसाठी माणसाला मुंबईपर्यंत पाठवण्यात काही अर्थ नाही.

लोक चुकतात ते मधल्या टप्प्यावर. होडी वर्षानुवर्षं वल्ह्यांवर चाललेली असते. एक दिवस कुठूनतरी जुनं इंजिन मिळतं, लाकडाची बैठक ठोकून ते बसवलं जातं आणि होडी तशीच पाण्यात जाते. मालकाच्या लेखी होडी जुनीच आहे. कायद्याच्या लेखी ती आता यांत्रिक नौका आहे, आणि तिच्याकडे एकही कागद नाही. आधीच नोंदलेल्या यांत्रिक होडीत मोठा फेरबदल केला, तरी तो कळवावा लागतो.

नदी राष्ट्रीय जलमार्ग झाली तर?

२०१६च्या कायद्याने देशातले राष्ट्रीय जलमार्ग १११ झाले. त्यात वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका, तापी, वैनगंगा आहेत. गोव्यातल्या मांडवी, जुवारी या नद्या आणि कुंभारजुवे कालवा आहे. नागपूरची नाग नदीही आहे. नागपूरकरांनी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल, याची कल्पना करून पाहावी.

या घोषणेमुळे मासेमारीचा हक्क आपोआप जात नाही. ती घोषणा जहाजवाहतुकीपुरती आहे. पण वाहतूक वाढली की रहदारीचे नियम जाचायला लागतात. समुद्राला जोडलेल्या आणि सागरी जहाजांना जाता येईल अशा पाण्यात टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. मोकळ्या पाण्यात इंजिनाच्या जहाजाने मासेमारी करणाऱ्या नौकेला वाट द्यायची असते. अरुंद पट्ट्यात मात्र गोष्ट उलटते. तिथे मासे धरणाऱ्या नौकेने जाणाऱ्या नौकेची वाट अडवायची नाही. कारण सरळ आहे. खनिजाने भरलेला बार्ज खोल पाणी सोडून वळू शकत नाही, त्याला थांबायलाही बरंच अंतर लागतं. छोटी होडी बाजूला होऊ शकते. मांडवीच्या मुखाशी जाळं पसरून ‘आधी आम्ही होतो’ म्हणणं म्हणूनच कायद्यात टिकत नाही, मनाला कितीही पटलं तरी.

रात्रीचे दिवेही ठरलेले आहेत. ट्रॉलिंग (पाण्यातून जाळं ओढत नेणं) सोडून इतर जाळ्यांनी मासे धरणाऱ्या नौकेने वर लाल, खाली पांढरा, असे सगळीकडून दिसणारे दोन दिवे लावायचे. वल्ह्यांच्या छोट्या होडीला निदान एक पांढरा दिवा किंवा बॅटरी हाताशी हवी, आणि टक्कर टळेल इतक्या वेळेआधी ती दाखवायला हवी.

खाडीचा दुहेरी संसार

खाडीत काम करणाऱ्या बऱ्याच होड्या समुद्रातही जातात. त्यांची मच्छीमार नौका म्हणून वेगळी नोंद होते. बाजूवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा जो लांबलचक क्रमांक रंगवलेला असतो, तो हाच. शिवाय महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१खाली मासेमारीचा परवाना लागतो. सागरी नोंद असलेली मच्छीमार नौका वर सांगितलेल्या २०२१च्या कायद्यात धरली जात नाही. म्हणजे तिला दोनदा नोंदणी नको.

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी या सागरी कायद्यातून येते. पारंपरिक बिगरयांत्रिक नौका त्यातून वगळलेल्या आहेत. इथेही पुन्हा इंजिनाचीच रेघ.

नदी कुठे संपते आणि भरतीचं पाणी कुठपर्यंत ‘अंतर्गत’ धरायचं, हे सरकार अधिसूचनेने ठरवतं. पाण्यावर मात्र तशी पाटी नसते. माझ्या मते खाडीकाठच्या गावांत ही हद्द नकाशासह ग्रामपंचायतीत लावली, तर निम्म्या तक्रारी कमी होतील. खर्च एका फ्लेक्सचा आहे, आणि फ्लेक्स छापायला आपल्याकडे कुणी कधी मागे राहिलेलं नाही.

जाळ्याचा आस आणि चढणीचे मासे

जाळ्याच्या छिद्राला मच्छीमार आस म्हणतात. कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याचं गणित या आसावर चालतं. आसापेक्षा बारीक मासा पार निघून जातो. ठरावीक जाडीच्या माशाचं डोकं आत शिरतं, धड अडतं आणि मागे सरकताना धागा कल्ल्यात रुततो. म्हणून आस मोठा ठेवला की पिल्लं सुटतात. आस बारीक केला की पुढच्या वर्षीचे मासे यंदाच बाजारात जातात, तेही किलोला कमी भावाने.

माशांच्या रक्षणाचा देशातला जुना कायदा १८९७चा. जाळ्यांचा प्रकार आणि आस ठरवणं, नदीत पक्के अडसर घालायला बंदी, ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवणं, या सगळ्याचे नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतांना दिला. महाराष्ट्राने पुढे १९६०चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. विष कालवणं आणि सुरुंग लावणं हे १८९७पासून गुन्हे आहेत. पाण्यातल्या स्फोटाने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. लहान-मोठा, खाण्याचा-न खाण्याचा असा भेद राहत नाही. आणि मेलेल्यातले कितीतरी तळाशी जातात, मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. केंद्राच्या त्या मूळ कायद्यात याला शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हा ही रक्कम मोठी होती. आज तेवढ्यात एक बरा पापलेटही येत नाही. जिलेटिन बाळगणाऱ्यावर स्फोटकांच्या कायद्यांखालीही कारवाई होऊ शकते, आणि तिचा धाक जास्त आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर अंडी भरलेले मासे ओढ्या-शेतांच्या दिशेने वर चढतात. कोकणात ‘चढणीचे मासे’ म्हणून त्यांची केवढी अपूर्वाई! रोहू, कटला, मृगळ हे नदीतले मोठे मासेही पुराच्या पाण्यातच वितात. अशा वेळी धरलेल्या एका मादीबरोबर पोटातली हजारो अंडीही जातात. बंद हंगामाच्या नियमामागचं कारण हेच. हा मुद्दा चढणीच्या माशांच्या शौकिनांना पटवणं अवघड आहे, हे मान्य.

राखीव पाणी

नदी अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जात असेल, तर वरचं सगळं बाजूला पडतं आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे येतो. महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर पेंच नदीच्या तोतलाडोह जलाशयाचा खटला यात प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेश सरकारने तिथल्या ३०५ विस्थापित आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या: छायाचित्राचं ओळखपत्र, ठरावीक वाटेनेच ये-जा, काठावर आग पेटवायची नाही, रोज धरलेल्या माशांची नोंद. जगण्याचा हक्क आणि जंगल यांतली ती तडजोड होती.

गोड्या पाण्यातल्या बऱ्याच कासवांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात आलं तर सोडून द्यायचं.

चौकट : होडी पाण्यात घालण्याआधी

• जलाशय असेल तर ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते पाहा. सभासदत्वाचा लेखी पुरावा जवळ ठेवा.
• वाहती नदी असेल तर सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा.
• इंजिन असेल तर पाहणी, नोंदणी, विमा आणि चालकाची पात्रता. त्यासाठी सागरी मंडळ.
• इंजिन नसेल तर आपल्या प्रकारच्या होडीला नाव नोंदवावं लागतं का, ते विचारा.
• समुद्रातही जात असाल तर मच्छीमार नौकेची नोंद आणि सागरी मासेमारीचा परवाना.
• जाळ्याचा आस, बंद हंगाम आणि राखीव क्षेत्र तपासा.
• प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट, रात्री दिवा.

मासे सोडून माणसं नेली तर

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला गर्दी होते आणि मासेमारी करणारेच लोक पर्यटकांना होडीतून नेतात. त्यात गैर काही नाही. उलट मच्छीमाराला चार पैसे मिळतात. पण मासे धरायची परवानगी म्हणजे भाड्याने माणसं नेण्याची परवानगी नव्हे. प्रवासी घेतले की होडीने किती माणसं पेलायची, त्यांच्यासाठी जॅकेटं किती, हे सगळं वेगळ्याने तपासावं लागतं. मासळीची टोपली जागची हलत नाही. पक्षी दिसला की दहा माणसं एकदम एका बाजूला सरकतात, आणि दबलेला काठ पाण्याखाली जायला तेवढं पुरतं. याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण बुडाले.

मच्छीमाराच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नोंद असलेल्या मच्छीमाराला अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण नाव नोंदवलेलं असेल तरच. होडीच्या कागदांचा कंटाळा येणाऱ्यांनी निदान या एका कागदासाठी तरी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावं.

आणि वाचकहो, तुम्ही बहुधा होडी चालवणार नाही, तुम्ही तिच्यात बसणार आहात. बसण्याआधी होडीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. जॅकेट नसेल तर काठावरूनच पक्षी पाहा.